हायड्रिला: रंकाळ्यातलं 'शेवाळ' नीट ओळखायचं कसं आणि घरी बरणीत वाढवायचं कसं

संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खात बसलेल्या कुणालाही विचारा की पाण्यात ते हिरवं काय दिसतंय, उत्तर एकच येणार, शेवाळ. वर तरंगणारी जलपर्णी असू दे, तळातून वर आलेलं गवत असू दे, नाहीतर पाण्यावरचा हिरवा तवंग, सगळ्याला आपण शेवाळच म्हणतो आणि सगळं काढून टाका म्हणतो. मी बरीच वर्षं घरी अकरावी-बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते. या मुलांनी हायड्रिला फक्त चित्रात बघितलेली असते, ती उलटी फनेल, वर टेस्ट ट्यूब, त्यात बुडबुडे, चित्राला ४ मार्क. आणि तीच वनस्पती आपल्या आसपासच्या तलावात, नदीच्या संथ पाण्यात वाढत असते, रोज बाजूनं जातो आपण. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कुठं शोधायची, कशी ओळखायची, घरात कशी ठेवायची, काय काय बघायचं, आणि शेवटी तिचं करायचं काय (हे शेवटचं चुकवू नका, त्यात मी स्वतः मोठी चूक केलीय).

पहिली गोष्ट, हायड्रिला शेवाळ नाही. शेवाळाला खरी मुळं, खोड, पानं नसतात, फुलं तर नाहीतच. हायड्रिलाला हे सगळं आहे, ती पूर्ण फुलझाड आहे, फक्त आख्खा जन्म पाण्याखाली काढते. पूर्ण नाव हायड्रिला व्हर्टिसिलाटा. व्हर्टिसिलाटा म्हणजे एका जागेवरून गोल फेर धरून पानं फुटणारी. आधी हिला दुसऱ्याच नावाखाली ठेवलेलं होतं, आत्ताचं नाव जॉन फोर्ब्स रॉयल यांनी १८३९ मध्ये दिलं, हे रॉयल सहारनपूरच्या बागेचे अधीक्षक होते. म्हणजे नावातसुद्धा भारताचा संबंध आहे, आणि मूळची आपल्याच बाजूची आहे, आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडची. जलपर्णी मात्र दक्षिण अमेरिकेतून आलेली पाहुणी. या दोघींना एकाच पाटीत घालणं मला पटत नाही.

आता शोधायचं कधी. जून ते सप्टेंबर नाद करू नका, पंचगंगा लाल असते, तलावात पण गढूळ पाणी येतं, तळ दिसत नाही आणि पाय घसरायची भीती वेगळी. नदीकाठी शोधायची असेल तर पाऊस संपून बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की मग महिना-दोन महिने थांबून जायचं. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचा इथं फार उपयोग होतो, पावसाळ्यात बरगे काढलेले असतात तेव्हा धारेला काही टिकत नाही, बरगे घातले की वरच्या अंगाला फुगवटा तयार होतो, पाणी संथ, गाळ खाली बसलेला, ऊन आत जातंय, असल्या जागी पाणगवत जोरात येतं. तलावात दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत चांगलं. गुडघाभर पाण्यात पण असते आणि पाणी नितळ असेल तर दोन पुरुष खोल पण असते, कारण हिला उजेड अगदी थोडा पुरतो, बाहेरच्या उन्हाच्या शंभरावा हिस्सा उजेड मिळाला तरी ही तग धरून असते.

पाण्यात उतरायचं नाही. हे मी मुलांना दहादा सांगते. ही गवतं पायाला गुंडाळतात, तळाला गाळ किती ते कळत नाही, आणि खाली कृष्णेच्या पट्ट्यात मगरी आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. विहिरीत पडलेली बादली काढायला जो गळ असतो ना, तसलाच एक छोटा करून घ्यायचा, जाड तारेचे तीन आकडे, एक दगड, दहा-बारा हात दोरी. काठावर उभं राहून टाकायचा, तळाला टेकू द्यायचा, सावकाश ओढायचा. पहिल्याच झटक्यात ओंजळभर गवत येतं. ते लगेच बादलीतल्या पाण्यात सोडायचं, कारण बाहेर काढलं की ते पार लुळं पडतं. खोडाला स्वतःचा ताठपणा नाही, आत हवेच्या पोकळ्या असतात आणि पाणीच तिला उभं धरतं. आणि घरी आल्यावर हात साबणानं धुवायचे, आपल्या तलावांत सांडपाणी मिसळतं हे विसरून चालणार नाही.

आता ओळखायचं. इथं जरा वेळ लावा, कारण बादलीत एकाच वेळी तीन-चार जातीची गवतं आलेली असतात.

एक कांडी वेगळी करून पांढऱ्या ताटलीत पाणी घालून त्यात ठेवा. एका पेरावर किती पानं आहेत मोजा. हायड्रिलाला ३ ते ८ असतात, बहुतेक वेळा ४ किंवा ५. पान बारकं, साधारण १ ते २ सेंटीमीटर लांब, रुंदी २ ते ४ मिलीमीटर. मग डोळे मिटा आणि कांडी शेंड्याकडून खाली बोटांतून ओढा. खरखरीत लागली पाहिजे. पानाच्या कडेला करवतीसारखे दाते असतात, साध्या डोळ्याला पण दिसतात, भिंगातून तर स्पष्टच, आणि पानाच्या मागं मधल्या शिरेवर पण बारीक काटे असतात, ती शीर कधी कधी लालसर दिसते. मला विचाराल तर हीच खरी खूण, पानांची संख्या बदलते पण हा खरखरीतपणा बोटाला एकदा कळला की परत चुकत नाही.

मत्स्यालयाच्या दुकानात हिच्यासारखंच दिसणारं इजेरिया मिळतं, ते दक्षिण अमेरिकेचं, पानं मोठी, दोन-तीन सेंटीमीटरची, आणि हाताला गुळगुळीत. सेरॅटोफायलमची पानं टोकाला दुभागलेली असतात, हरणाच्या शिंगासारखी, त्याला मुळं नसतातच, तसंच तरंगत राहतं. व्हॅलिसनेरियाला खोड वर येत नाही, तळातून लांब लांब फितीसारखी पानं निघतात. कारा नावाचं एक येतं, त्याला हात लावला की कुबट, लसणासारखा वास येतो आणि अंगावर चुन्याचा खर असतो, ते मात्र खरंच शेवाळवर्गातलं आहे.

ओळख पटली की बरणी. लोणच्याची मोठी काचेची बरणी घ्या, पण तेल-मीठ पार निघेपर्यंत धुवा, मीठ राहिलं तर पानं खराब होऊ शकतात. तळाला तीन बोटं बागेतली माती, तिच्यावर एक बोट धुतलेली वाळू, म्हणजे पाणी गढूळ होत नाही. शेणखत घालू नका, कितीही मोह झाला तरी. खत घातलं की पाणी हिरवं होतं, हायड्रिला राहते बाजूला आणि बरणीभर शेवाळ होतं, तलावात सांडपाण्यानं जे होतं तेच छोट्या प्रमाणात. नळाचं पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग वापरा, क्लोरीन उडून जातं. कांड्या शेंड्याकडच्या घ्या, वीतभर लांबीच्या, स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा हलवून धुवा (गोगलगायीची अंडी, किडे निघून जातात), आणि खालची दोन पेरं मातीत जातील अशा लावा. ज्यांच्या घरात ऊस आहे त्यांना हे शिकवायला नकोच. उसाची कांडी लावतो तसंच, पेराजवळून मुळं फुटतात.

बरणी पूर्वेच्या खिडकीत ठेवा, सकाळचं ऊन मिळू दे, दुपारचं थेट ऊन नको, एवढ्याशा पाण्याला कोल्हापूरचा एप्रिल सहन होत नाही. आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून एक-दोन गप्पी मासे सोडा, आरोग्य विभागवाले वाटतात तेच. जागा मानवली तर वाढ डोळ्याला दिसते, चांगल्या परिस्थितीत हिचं खोड दिवसाला इंचभर वाढू शकतं. तलावात तर खोड २५ फुटांच्या पुढं जातं आणि पाण्याच्या वर पोचलं की तिथं फांद्या फोडून जाजम अंथरल्यासारखं पसरतं.

बरणी लागली की बघायच्या गोष्टी.

बुडबुड्यांचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे, पण वर्गात तो बऱ्याचदा फसतो, कारण पाणी नुसतं नळाचं असतं आणि कांडी शिळी. ताजी कांडी घ्या, पाण्याखालीच कात्रीनं तिरकी कापा, कापलेलं टोक वर करून फनेलखाली ठेवा, आणि पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घाला. हायड्रिला सोड्यातलं बायकार्बोनेटसुद्धा वापरू शकते. टेबल लॅम्प जवळ आणा, एका मिनिटात किती बुडबुडे येतात मोजा, मग लॅम्प हातभर लांब करून परत मोजा, आकडा पडलेला दिसतो. दिवा बंद केला की थोड्या वेळानं बुडबुडे थांबतात. ट्यूबमध्ये पुरेसा ऑक्सिजन जमला की विझत आलेली उदबत्ती आत धरा, भगभगते. बारावीची मुलं असली तरी त्या क्षणी सगळे "आयला" म्हणतात, दरवर्षी.

कॉलेजचा मायक्रोस्कोप मिळाला तर याहून भारी गोष्ट आहे. हायड्रिलाचं पान जेमतेम दोन पेशी जाडीचं असतं, त्यामुळं कापायची, रंगवायची गरजच नाही. शेंड्याजवळचं एक कोवळं पान तोडून थेंबभर पाण्यात काचेवर ठेवा, वर कव्हर स्लिप, आणि मधल्या शिरेजवळ फोकस करा. आधी नुसते विटांसारखे चौकोन दिसतात आणि त्यात हिरवे ठिपके. थोडा वेळ काहीच हलत नाही, मग दिव्याची ऊब लागली की एक ठिपका सरकतो, मग त्याच्या मागं दुसरा, आणि बघता बघता सगळे हरितलवक पेशीच्या कडेकडेनं रांगेत फिरायला लागतात, मारुतीला प्रदक्षिणा घालावी तसे. एका पेशीत उजवीकडून, शेजारच्या पेशीत कदाचित उलटे. माझी एक विद्यार्थिनी हे बघितल्यावर डोळा काढायलाच तयार नव्हती, मागं रांग लागलेली. जिवंत पेशी म्हणजे काय हे मी शब्दांत कधी एवढं नीट सांगू शकले नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते ती सांगते. ऊस सी-फोर वनस्पती आहे हे पुस्तकात असतं, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी एका प्रकारच्या पेशीत पकडायचा आणि मग शेजारच्या दुसऱ्या पेशीत नेऊन साखर करायची, त्यासाठी पानात खास रचना असते. हायड्रिलाकडे ती रचना नाही. दाट वाढलेल्या हायड्रिलाच्या जाळीत उन्हाळ्याच्या दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड जवळजवळ संपतो, ऑक्सिजन भरपूर होतो, पीएच ९ च्या पुढं जातो, अशा वेळी साधी पद्धत तोट्यात जाते. मग ही वनस्पती सी-फोरवर येते, आणि ते सगळं एकाच पेशीच्या आत करते, दोन पेशींची वाटणी न करता. परिस्थिती सुधारली की परत साध्या पद्धतीवर. उसाच्या मुलखात राहून आपण हे बघायचं नाही तर कुणी.

फुलं सहज दिसत नाहीत, पण दाट वाढ पाण्याच्या वरपर्यंत आली की हिवाळ्यात सकाळी काठावरून नीट बघा. मादी फूल पाण्याच्या पातळीवर येऊन बसतं, धाग्याएवढ्या बारीक नळीवर, तीन अधिक तीन अशा पाकळ्या, जवळजवळ पारदर्शक, मिलीमीटरमध्ये मोजायचं फूल. नर फूल तर खालीच कळी असताना देठापासून सुटतं, बुडबुड्यासारखं वर येतं आणि पाण्यावर आल्यावर फट्‌कन उघडून पराग हवेत उडवतं. पराग कोरड्या हवेतून थेट मादी फुलावर पडला तर काम झालं, पाण्यात पडला तर वाया. व्हॅलिसनेरियाचं वेगळं असतं, त्याची नर फुलं होडीसारखी तरंगत मादी फुलापर्यंत जातात.

एवढ्या भानगडीतून बी कितीसं होणार. त्यामुळं हिचा खरा भरवसा तुकड्यांवर आणि गाठींवर आहे. एका पेराचा तुकडा तुटून वाहत गेला तरी पुढं रुजू शकतो. शिवाय दिवस लहान व्हायला लागले की, आपल्याकडं डिसेंबरात दिवस ११ तासांवर येतो त्या दरम्यान, जमिनीतल्या फांद्यांच्या टोकाला पांढरट-पिवळसर गाठी धरतात, अर्धा ते एक सेंटीमीटरच्या, आणि वर पानांच्या बगलेत गडद हिरव्या कोंबासारख्या दुसऱ्या छोट्या गाठी. वरच्या सुटून पडतात आणि वाहतात, खालच्या गाळात बसून राहतात. वरचं सगळं गवत मेलं तरी या गाठी ४ वर्षांहून जास्त जिवंत राहू शकतात. ऊस तोडल्यावर खोडवा फुटतो ना, तसंच समजा.

आणि इथंच माझी चूक. क्लासच्या टाकीत हायड्रिला फार झाली म्हणून मी घमेलंभर उपसून मामांच्या शेततळ्यात टाकली. मातीचं तळं, त्यात रोहू-कटला सोडलेले, म्हटलं मासे खातील. रोहू-कटला असलं गवत फारसं खात नाहीत हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं. दोन पावसाळे गेले आणि मामांचा फोन आला, "पोरी, मोटर पाणी उचलंना, फूटव्हॉल्वची जाळी बघ ये." जाळीला हायड्रिलाचा नुसता अंबाडा गुंडाळलेला. मग दोन गडी लावून दाताळ्यानं ओढून काढलं, चार ट्रॉली निघाली, सगळ्यांना वाटलं झालं. ओढताना तुटलेले तुकडे पाण्यातच राहिले होते आणि महिनाभरात दुप्पट उगवलं. शेवटी मे महिन्यात तळं आटलं तेव्हा मामांनी कुदळीनं गाळ उकरला आणि मूठ उघडून मला दाखवली, तळहातावर हरभऱ्याएवढ्या पिवळट गाठी. "याला बटाटी लागत्यात व्हय गं?" तेव्हा मी त्यांना काय सांगणार, मुलांना मी हे बोर्डावर लिहून देत होते. वीतभर गाळ काढून बांधावर वाळवला, तळं भरल्यावर गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडला, तो मात्र हे गवत आवडीनं खातो, आणि तरीही पुढची दोन वर्षं मामा दर पंधरा दिवसांनी उगवलेलं हातानं उपटत होते.

त्यामुळं नियम एकच, बरणीतलं जादा झालेलं गवत कुठल्याही तलावात, ओढ्यात, विहिरीत, गटारात टाकायचं नाही. गच्चीवर पोत्यावर पसरून कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवायचं, मग कंपोस्टमध्ये. बरणीतली माती पण वाळवायची, गाठी तिच्यातच असतात. आणि एका तलावात वापरलेला गळ, जाळी, बादली दुसरीकडं न्यायच्या आधी धुवून उन्हात ठेवायची.

ही काळजी जास्त वाटत असेल तर अमेरिकेचं बघा. १९५०च्या दशकात मत्स्यालयाच्या धंद्यातून हायड्रिला फ्लोरिडात पोचली, १९६० मध्ये तिथल्या क्रिस्टल रिव्हरमध्ये आणि मायामीच्या एका कालव्यात सापडली, आणि नंतर अख्खी राज्यं हैराण झाली, बोटी अडकल्या, कालवे तुंबले. गंमत अशी की तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत पसरली ती फक्त मादी झाडं, म्हणजे बी नाहीच, सगळं तुकड्यांतून आणि गाठींतून. डीएनए तपासल्यावर ती बंगळूरकडच्या हायड्रिलाशी जुळली. तिला आवरायला १९८७ मध्ये पान पोखरणारी माशी आणि गाठी खाणारा भुंगा हे दोन्ही किडे सोडले, तेसुद्धा आपल्याच उपखंडातून नेलेले. म्हणजे इथं तिला खाणारे किडे आहेत, मासे आहेत, हिवाळ्यात वारकरी पक्षी येतात, काळा पक्षी आणि कपाळावर पांढरा टिळा, ते बुडी मारून हे गवत तोडून वर आणतात. इथं तिची जागा ठरलेली आहे, तिथं आवरणारं कुणी नव्हतं.

तेव्हा तुमच्या गावच्या तलावात हायड्रिला दिसली तर लगेच जेसीबी बोलवायची गरज नाही. तिच्या जाळीत माशांची पिल्लं लपतात, गोगलगायी राहतात, ती पाण्यातलं नत्र-स्फुरद ओढून घेते आणि गाळ धरून ठेवते. ज्या तलावात जलपर्णीनं वरून झाकण घातलं किंवा सांडपाण्यानं पाणी मटारच्या रश्श्यासारखं हिरवं झालं तिथं तळाला उजेड पोचत नाही आणि हायड्रिलासुद्धा मरते. पोहण्याची जागा, पाणी उपसायची जागा, मोटरीभोवतीची जागा इथली जरूर काढा. पण दिवाळीच्या आत काढा, गाठी धरायच्या आधी, एका बाजूनं थोडी थोडी, आणि तुटलेले तुकडे जाळीनं गोळा करून. काढलेला ढीग काठाला पाण्यातच सोडून जाऊ नका, तो कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो आणि दोन दिवसात मासे उलटे होतात.

जाता जाता एक, गुऱ्हाळ बघितलेल्यांसाठी. आपण गुळाची मळी काढायला रानभेंडीचा चीक वापरतो, तसं उत्तरेत खांडसरीवाले साखरेच्या ढिगावर असलंच पाण्यातलं ओलं गवत पसरायचे, त्यातलं पाणी हळूहळू खाली झिरपायचं आणि काकवी धुऊन न्यायचं, वरची साखर पांढरी व्हायची.

बरणी लावली तर पहिले पंधरा दिवस जुनी पानं गळाली तरी घाबरू नका, पेराजवळ बघा, पांढरा दोऱ्यासारखा मूळ निघाला असेल तर ती रुजली. मायक्रोस्कोप नसेल तर जवळच्या कॉलेजात विचारा, पान खिशात नेऊ नका, झाकणाच्या छोट्या डबीत पाणी घालून न्या.